फ्रेमबाहेर राहिलेली किटली

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या सील-रक्षक मंडळाचे कारभारी श्री. डेरेक बुलिमोर, प्रमुख पाहुण्या रेव्हरंड जोन पाय, बचाव पथकाचे प्रमुख श्री. कॉलिन लारवुड, ज्यांच्यासाठी आज हा हॉल खुर्च्या कमी पडेपर्यंत भरलाय त्या आपल्या सत्कारमूर्ती ऑड्री थर्टल, दर हिवाळ्यात ईस्टन गॅपच्या किनाऱ्यावर पिवळी जाकिटं घालून काकडत उभे राहणारे माझे सगळे सोबती, आणि भाषणं संपायच्या आधीच चहाच्या भांड्यापाशी रांग लावून उभी असलेली ती मागची मंडळी, सगळ्यांना हॅटीचा मनापासून नमस्कार.

अध्यक्षांनी मला व्यासपीठावर येताना दोन गोष्टी बजावल्या. एक म्हणजे थोडक्यात बोल. आणि दुसरी म्हणजे, काही झालं तरी कॅमेऱ्याचा विषय काढू नकोस. त्यांचंही चूक नाही. मंडळासाठी एक नवा कॅमेरा घ्यायचा, तर क्रॉप सेन्सर म्हणजे लहान सेन्सरचा घ्यायचा, की फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरचा, यावरून मागच्या बैठकीत काय झालं ते आठवतंय ना? एका सभासदाने अर्धा खाल्लेला सॉसेज रोल रागाने परत ताटात ठेवला होता. नाव घेत नाही. ते आज दुसऱ्या रांगेत बसलेत.

अध्यक्षमहोदय, पहिली सूचना पाळायचा प्रयत्न करते. दुसरी नाही जमणार. ऑड्रीबद्दल बोलायचं आणि कॅमेऱ्याबद्दल बोलायचं नाही, हे कसं शक्य आहे?

मी पहिल्यांदा त्या वाळूच्या टेकडीवर गेले तेव्हा कॉलेजमधून नुकतीच बाहेर पडले होते. गळ्यात नवा कोरा क्रॉप सेन्सर कॅमेरा. मी अगदी अदबीने म्हटलं, "मिसेस थर्टल, मी हॅटी."

त्या वळल्याही नाहीत. म्हणाल्या, "मिसेस थर्टल म्हणजे माझी सासू. ती गेली बिचारी. मला ऑड्री म्हण. आणि खाली बस आधी. तू तिथे उभी राहिलीस ना, तर सीलना वाटेल दीपस्तंभ बांधला."

मी बसले. तेव्हापासून दर हिवाळ्यात तिथेच बसलेय.

आज ऑड्रीची मुलगी आणि जावई लेस्टरहून आलेत. त्यांनी आपला किनारा उन्हाळ्यात, हातात आइस्क्रीम धरून पाहिलाय. म्हणून त्यांच्यासाठी थोडंसं सांगते, बाकीच्यांनी चालवून घ्या. हिवाळा लागला की करडे सील आपल्या वाळूवर पिल्लं घालायला येतात. आई पिल्लाला दूध पाजते आणि तोवर स्वतः काहीही खात नाही. पिल्लू गुबगुबीत झालं, त्याचे पांढरे केस झडायला लागले, की एक दिवस दूध थांबतं आणि आई समुद्रात निघून जाते. मागे वळूनही बघत नाही. आणि आपण जवळ जायचं नसतं. एक सील घाबरला की सगळा कळप समुद्राकडे धावतो, आणि वाटेत पिल्लं चिरडतात. म्हणून आपण जे काही बघतो ते लांबून, टेकडीवरून, लेन्समधून.

ओळखायचे ते अंगावरच्या ठिपक्यांवरून, डागांवरून. आणि नावंही त्यावरूनच. एकीच्या मानेवर डाव्या बाजूला अगदी किटलीसारखा डाग आहे, तोटी, कडी सगळं. म्हणून ती किटली. दुसरी एक आहे, तिच्या गळ्यात पूर्वी मासेमारीच्या जाळ्याचा फास अडकला होता. कॉलिनने तो कापला, जखम भरली, पण त्या जागी केस परत आलेच नाहीत. गळ्याभोवती पांढरं वळं राहिलं, अगदी पाद्र्याच्या कॉलरसारखं. म्हणून ती पाद्रीण. रेव्हरंड जोन, तुमची क्षमा मागते. नाव ठेवलं तेव्हा तुम्ही या गावात यायच्या होतात.

आता कॅमेरा. डेरेक, तुम्ही एक घोट पाणी प्या.

मला वाटायचं, माझा कॅमेरा लांबचं जवळ आणतो. दुकानदारानेही तसंच सांगितलं होतं. एकदा ऑड्री मला याच हॉलच्या त्या खिडकीपाशी घेऊन गेल्या. माझ्या डोळ्यांसमोर दोन्ही हातांची छोटी चौकट केली.

"काय दिसतं?"

"चर्चचा मनोरा."

त्यांनी हात बाजूला केले. "आता?"

"मनोरा. कबरी. बसथांबा. डेरेकची गाडी, चुकीच्या जागी लावलेली."

"मनोरा लांब गेला का?"

"नाही."

"मग मघाशी तो जवळ तरी कुठे आला होता? तुझा लहान सेन्सर जवळ काही आणत नाही, पोरी. तो बाजूचं कापतो. उरलेलं तू मोठं करून बघतेस, म्हणून तुला जवळ वाटतं."

मी अर्थातच भांडले. मी म्हटलं, लहान सेन्सरवर बिंदू दाटीवाटीने बसवलेले असतात, त्यामुळे तीच लेन्स लावली तरी लांबच्या सीलचे बारकावे माझ्या कॅमेऱ्यात जास्त येतात. त्या म्हणाल्या, "येतात की. मी कुठे नाही म्हटलं?" मी म्हटलं, शिवाय तो हलका आहे, तुमचा तो धोंडा घेऊन टेकडी चढताना माणूस अर्धमेला होतो. त्या म्हणाल्या, "ते मात्र मला माझ्या गुडघ्यांनी आधीच सांगितलंय." मी म्हटलं, मग तुम्ही फुल फ्रेम का वापरता? मोठा सेन्सर, जास्त उजेड, अंधुक प्रकाशात स्वच्छ फोटो, हे सगळं मला माहीत होतं. मला वाटलं त्या तेच सांगतील.

त्यांनी माझ्या हातात कप दिला. "चहा गार होतोय," म्हणाल्या.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मागच्या डिसेंबरात मिळालं, एका दुपारी, किनाऱ्यावर. त्या दुपारी या हॉलमधले आम्ही काही जणच तिथे होतो, आणि गावात त्याच्या इतक्या वेगवेगळ्या गोष्टी फिरतायत की एकदा काय झालं ते नीट सांगून टाकते. पबमध्ये तर मी म्हणे समुद्रात उडी मारली होती.

मागच्या हिवाळ्यात किटली आली ती गळ्यात फास घेऊन. हिरवा नायलॉनचा दोर, मांसात रुतलेला. तिला पिल्लू झालं, ती त्याला पाजत होती, आणि तो दोर रोज थोडा आत जात होता. कॉलिनचं पथक तयार होतं. पण ती कळपाच्या अगदी मधोमध. जाणार कसं? पिल्लू फुगत चाललं होतं. पांढरे केस झडायला लागले होते. आम्हाला सगळ्यांना कळत होतं की आता किटली कधीही निघेल. आणि तो फास घेऊन एकदा समुद्रात गेली की परत यायची नाही. तिथे मासे पकडताना मान वळवायची असते. वळलीच नाही मान, तर खाणार काय?

त्या दुपारी कळप जरा पांगला. कॉलिन म्हणाले, आज नाहीतर कधीच नाही.

कॉलिन आणि त्यांची माणसं किनाऱ्यावरच्या लाकडी बांधाआड पोटावर झोपली. त्यांना तिथून कळप दिसत नाही, नुसत्या पाठी दिसतात. वॉकी-टॉकी चालत नाही, त्याच्या खरखरीने सील माना वर करतात. म्हणून इशारे हाताने. टेकडीवरून एक हात वर म्हणजे थांबा. दोन्ही हात वर म्हणजे धावा, आणि मग ज्या बाजूला झुकवले त्या बाजूला. हे इशारे कोण देणार, यावर कधी चर्चासुद्धा झाली नाही. ऑड्रीच.

आणि धावायला मिळणार एकदाच. चुकीच्या मादीवर जाळं पडलं, तर तेवढ्यात बाकीचा कळप पाण्यात. किटलीसकट.

टेकडीवर आम्ही तिघं. ऑड्री, मी, आणि दुर्बीण घेऊन आपले अध्यक्ष. समुद्रावरून धुकं सरकत येत होतं. उजेड असा मळकट, जुन्या पडद्यातून आल्यासारखा. भरती चढत होती. मी एका टोकापासून कळप चाळत होते. सगळ्या करड्या पाठी, सगळीकडे वाळू चिकटलेली. आणि एकदम माझ्या फ्रेममध्ये एक मान आली. मानेभोवती खोल, काळी खाच.

"सापडली!" मी जवळजवळ ओरडलेच.

डेरेक माझ्या खांद्यावरून स्क्रीनवर वाकले. "हीच! खाच बघ केवढी. ऑड्री, दे इशारा."

"किटली दिसते का?" ऑड्रीने विचारलं. म्हणजे मानेवरचा डाग.

"उजवी बाजू आहे आपल्याकडे," मी म्हटलं. "डाग डावीकडे असतो. पण खाच बघा ना!"

"पिल्लू कुठंय?"

"फ्रेममध्ये नाहीये."

"ते मला दिसतंय. कुठंय?"

"बाजूला असेल."

"बाजूला म्हणजे?"

माझी फ्रेम त्या मानेने भरली होती. तेवढ्यासाठीच तर मी तो कॅमेरा घेतला होता.

ऑड्रीने उजवा हात वर केला. एकच. थांबा.

खाली बांधाआड कॉलिनने मान वर केली आणि दोन्ही तळवे पसरले. कॉलिन, तुमचं तेव्हाचं तोंड मी फोटोत मोठं करून पाहिलंय. रेव्हरंड समोर बसल्यात म्हणून तुम्ही काय म्हणत होतात ते सांगत नाही.

"ऑड्री, भरती थांबणार नाही," डेरेक म्हणाले.

"मग तू तरी थांब," ऑड्री म्हणाल्या. आणि मला म्हणाल्या, "वाक."

मी वाकले. त्यांनी त्यांचा तो धोंडा माझ्या खांद्यावर टेकवला, एका हाताने कळपाकडे रोखला आणि फोटो काढला. दुसरा हात वरच. खाली केला असता तर कॉलिनला वाटलं असतं मोहीम रद्द. दोन्ही वर केले असते तर सगळं संपलंच.

मग त्या तो फोटो बघायला लागल्या. आणि कशा? आपण फोटो बघतो तो एका नजरेत. ऑड्रीने स्क्रीन नाकाजवळ धरली आणि डोकं हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, मग जरा खाली, परत त्या टोकापासून या टोकापर्यंत. ओळी वाचल्यासारखं. मला वाटलं, आता इथे वाचत काय बसल्या या! मी म्हटलंसुद्धा, "ऑड्री, प्लीज!"

"तुझ्या मादीभोवती कुरव किती आहेत?"

कुरव म्हणजे आपले ते समुद्रपक्षी, तुमच्या आइस्क्रीमवर झडप घालणारे. मी माझा फोटो पाहिला. "एकही नाही."

"आणि इथे बघ."

त्यांच्या फोटोच्या अगदी खालच्या डाव्या कोपऱ्यात, वाहून आलेल्या एका ओंडक्यामागे, कुरव अर्धगोल करून बसले होते. जेवणाची वाट बघत बसावं तसे. त्यांच्या मध्ये एक करडी पाठ. पाठीला टेकून काहीतरी मळकं पांढरं.

"ओली जखम असते तिथे कुरव बसतात," ऑड्री म्हणाल्या. "तुझ्या मादीची जखम केव्हाच भरलीय. ती माझी पाद्रीण आहे. पांढऱ्या वळ्यात चिखल बसलाय, म्हणून काळं दिसतंय तुला."

"पाद्रीण?" डेरेक म्हणाले. "ती मेली ना? किती हिवाळे आलीच नाही ती."

"तिला कुणी कळवलं नसेल."

मला हसू आलं नाही. तुम्हाला आता येतंय. पाद्रिणीवर जाळं पडलं असतं, आधीच वाचवलेल्या सीलला आम्ही परत वाचवलं असतं, आणि किटली ओंडक्यामागून पाण्यात गेली असती. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

मी म्हटलं, "मग द्या इशारा! तिकडे!"

"कशावरून? माझ्या फोटोत ती तांदळाच्या दाण्याएवढी आहे. मान तर दिसतच नाही. कुरव बसलेत म्हणजे काहीतरी आहे, एवढंच. मेलेलं पिल्लूसुद्धा असेल." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता तुझा कॅमेरा काढ. ओंडक्याच्या डावीकडे. ती डोकं उचलेपर्यंत श्वाससुद्धा घेऊ नकोस."

मी वाळूवर आडवी झाले, कोपर रोवले, रोखून धरलं. आता माझ्या फ्रेममध्ये ती पाठ होती. मोठी, स्पष्ट. पण डोकं खाली, ओंडक्याआड. उजेड इतका कमी झाला होता की स्क्रीनवर सगळं वाळू सांडल्यासारखं कणीदार दिसत होतं. धुक्याचं एक टोक ओंडक्यापर्यंत पोचलं होतं.

तेवढ्यात किनाऱ्यावर दूर कुठेतरी कुत्रा भुंकला. मोकळा सोडलेला. लोकांना अडवायला बांधलेल्या दोरखंडापाशी उभं राहून आपण दिवसभर काय सांगत असतो? कुत्रा बांधून ठेवा! असो. कळपात एक, मग दुसरं, मग पाठोपाठ कितीतरी डोकी वर झाली. एक भला मोठा नर पाण्याकडे सरकायला लागला. सगळी डोकी वर, आणि माझ्या मादीचं तेवढं खाली!

"ऑड्री, निघाले ते," डेरेक कुजबुजले.

"दिसतंय मला."

"हात दुखत असेल. मी धरू का?"

"डेरेक, आयुष्यात पहिल्यांदा तू माझा हात धरायला निघालायस, आणि वेळ बघ काय निवडलीस."

तेवढ्यात एका कुरवाने धीर केला. तो दोन उड्या मारून पुढे गेला आणि त्याने मानेवर चोच मारली. ती पाठ हलली, डोकं झटक्यात वर आलं, तोंड उघडलं, आणि मी बटण दाबून ठेवलं. कॅमेरा खडखडला. डोकं खाली गेलं.

मी फोटो बघायला लागले. पहिला हललेला. दुसरा हललेला. तिसऱ्यात नुसता कुरव. बोटं इतकी गार पडली होती की बटणं कळेनात. आणि मग एक फोटो आला. कणीदार, घाणेरडा, कुठल्याही स्पर्धेत पहिल्या फेरीत बाद होईल असा. त्यात मानेवर एक हिरवी रेघ होती. आणि रेघेच्या खाली, अर्धवट, किटलीची तोटी.

"आहे," मी म्हटलं.

"खात्री?"

"तुम्ही बघा ना."

"मी तुझी खात्री विचारतेय, पोरी. माझी नाही."

मी परत पाहिलं. "आहे, ऑड्री. किटलीच आहे."

त्यांनी दुसरा हात वर केला. आणि दोन्ही हात डावीकडे झुकवले.

पुढचं कॉलिन सांगतील, आणि जरा वाढवूनच सांगतील. त्यांची माणसं वाकून पाण्याच्या कडेने धावली, समुद्र आणि किटली यांच्या मध्ये शिरली, जाळं पडलं. तिने कॉलिनचा बूट धरला. तो बूट ते आज घालून आलेत, दातांच्या खुणा कुणालाही दाखवतात. कळप हलला, पण उधळला नाही. पाद्रीण तेवढी उठली, सगळ्यांकडे एकदा बघून सावकाश पाण्यात गेली. तिने हा तमाशा आधी पाहिलेला होता. पाच-सहा सील तिच्यामागे गेले. पिल्लं जागेवर राहिली. आणि कॉलिनच्या आकडीच्या सुरीत तो हिरवा दोर आला. कापला. जाळं काढलं. सगळे मागे धावले.

किटली थेट समुद्राकडे निघाली.

तुम्ही म्हणाल, मग झालंच की काम. दोर निघाला. हो, पण ओंडक्यापाशी पिल्लू होतं, आणि ते ओरडत होतं. टेकडीवर आम्ही कुणी कुणाकडे बघत नव्हतो. ती पाण्यापर्यंत गेली. लाट तिच्या छातीवर फुटली. ती तिथेच थांबली, बराच वेळ. मग मान वळवली. वळली मान! आणि ती धापा टाकत, पोटावर सरकत परत वर आली, आणि पिल्लाशेजारी आडवी झाली. म्हणजे अजून थोडं दूध शिल्लक होतं.

डेरेक, तुम्ही तेव्हा दुर्बिणीची काच पुसत होतात. बराच वेळ पुसत होतात.

आम्ही टेकडीवरून उतरलो तेव्हा मी हवेत होते. मी एकटीच बडबडत होते. आणि माझ्या शेजारी ऑड्री दोरखंडाच्या खांबावर धाडकन आपटल्या. चांगला पांढरा रंगवलेला खांब. मी त्यांना सावरलं. म्हटलं, "दिसला नाही तुम्हाला?"

"नाही," त्या म्हणाल्या. "तो बाजूला होता."

आणि तिथे, त्या खांबाला टेकून, त्यांनी मला सांगितलं. त्यांची नजर कडेकडून जातेय, डॉक्टर म्हणतात थांबवता येत नाही, सावकाश करता येतं. मधलं लख्ख दिसतं. वाचता येतं, सुईत दोरा ओवता येतो. पण बाजूचं नाही. "मी तुझ्या कॅमेऱ्यासारखी झालेय, पोरी," त्या म्हणाल्या. "आणि मला आता कुठल्याही दुकानात फुल फ्रेम मिळायची नाही. म्हणून हा धोंडा वागवते. मला बाजूचं जे दिसत नाही ते हा धरून ठेवतो. मग मी एकेक कोपरा वाचून काढते."

ते माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं. फार पूर्वी खिडकीपाशी विचारलेल्या.

हे सगळ्यांसमोर सांगायची परवानगी मी घेतलीय. त्या म्हणाल्या, "सांग की. नाहीतर लोकांना वाटेल मी डेरेकच्या केकला कंटाळून चाललेय." आता त्या लेस्टरला मुलीकडे राहायला जातायत. इंग्लंडात समुद्रापासून याहून लांब फारसं कुठे जाता येत नाही, मी नकाशावर बघून ठेवलंय. पण घर सपाट जमिनीवर आहे, वाळू नाही, उतार नाही, आणि सोबतीला घरचं माणूस आहे. तेवढ्यासाठी मी लेस्टरला माफ केलंय.

आता राहिला मंडळाच्या कॅमेऱ्याचा प्रश्न. मला खूप जण विचारतात, हॅटी, तू सांग, कुठला घेऊ? मी आधी उलट विचारते, तुम्हाला काय टिपायचंय? रेव्हरंड जोनच्या चर्चमध्ये, त्या दोन मेणबत्त्यांच्या उजेडात लग्नं टिपायची असतील, किंवा घरातल्या छोट्या खोलीत सगळं कुटुंब एका फोटोत बसवायचं असेल, तर मोठा सेन्सर घ्या, पाठदुखीची तयारी ठेवा. लांबच्या गवतातला पक्षी हवा असेल, नातीची फुटबॉलची मॅच हवी असेल, किंवा पाठीवर घेऊन दिवसभर चालायचं असेल, तर लहान घ्या आणि उरलेल्या पैशांत बरी लेन्स घ्या. भांडायचं कारण नाही. पण आपल्या टेकडीवर? ऑड्रीच्या फोटोत किटली कुठे आहे ते कळलं. माझ्या फोटोत ती किटली आहे हे कळलं. यातला एकच फोटो हातात असता तर काय झालं असतं, हे मी रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवायचं टाळते.

ऑड्री त्यांचा फुल फ्रेम मंडळाला देऊन जातायत. तेव्हा अध्यक्षमहोदय, नवा घ्यायचा तो क्रॉप घ्या. दुसऱ्या रांगेतल्यांनी टाळ्या वाजवू नयेत, मी तुमच्या बाजूने बोलत नाहीये. माझं म्हणणं एवढंच आहे की तिथे दोन कॅमेरे हवेत आणि दोन माणसं हवीत, आणि त्यांनी एकमेकांशी बोलायला हवं. या हिवाळ्यापासून इशारे मी देणार आहे. मला भीती वाटते, हे लपवत नाही. माझ्या शेजारी तो धोंडा घेऊन बसायला कुणीतरी लागेल. चहाच्या वेळी येऊन भेटा. डेरेक तयार आहेत, पण त्यांना स्टूल लागेल म्हणतात.

तुम्ही विचारणार म्हणून आधीच सांगते. हंगामातल्या पहिल्या माद्या आल्यात. पाद्रीण आली, काल सकाळी. यंदा स्वच्छ धुतलेली कॉलर घालून. किटली अजून दिसलेली नाही. मी रोज बघतेय. फ्रेमच्या बाहेरही बघतेय, ऑड्री. दिसली की पहिला फोन लेस्टरला.

इकडे कापडाने झाकलंय ते आपल्या सगळ्यांकडून. त्या दुपारचा तुमचाच फोटो, जेवढा मोठा छापून मिळाला तेवढा. लांबून बघितला तर नुसती धुक्यातली वाळू दिसते. तुम्ही जवळ उभ्या राहा आणि सवडीने वाचा. खालचा डावा कोपरा शेवटी.

अध्यक्षमहोदय, तुम्ही मला बोलू दिलंत, तेही कॅमेऱ्याबद्दल, त्याबद्दल तुमचे आभार. कॉलिन आणि त्यांच्या पथकाचे आभार, रेव्हरंड जोन तुमचे आभार, आणि ज्यांनी चहा गार होऊ दिला त्यांचे विशेष आभार. बोलण्याच्या भरात कुणाला लागेल असं काही निघालं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर ते माझ्या फ्रेमबाहेर राहिलं असं समजा आणि मोठ्या मनाने सांभाळून घ्या.

ऑड्री, आता तुम्ही वर यायचंय. तुमच्या उजव्या हाताला एक पायरी आहे, ती तुम्हाला दिसायची नाही. मी तिथेच उभी राहतेय. या.